वरचे पाच आणि खालची पाचवी

४ सप्टेंबर

प्रिय चौकशी,

नमनाला घडाभर तेल न घालता सांगते. माझ्या वर्गात चोर शिरलेत. पाच आहेत, आणि पाचही जणांचे दुधाचे दात अजून पुरते पडलेले नाहीत.

फोन करू नकोस. फोनवर मीच बोलते आणि तू नुसती हुंकार भरतेस, अशी तुझीच तक्रार आहे. म्हणून हे पत्र. बस वाचत.

टेकडीवरच्या वस्तीत एक शाळा होती, एका खोलीची, हे तुला माहीत आहे. पट फारच कमी झाला, गुरुजी निवृत्त झाले, आणि वरून हुकूम आला की ती शाळा बंद करून मुलं खालच्या शाळेत, म्हणजे आमच्यात, मिळवा. झालं! आता रोज सकाळी एक गाडी येते आणि मुलं फाटकाशी ओतून जाते. माझ्या पाचवीला पाच आली. एक आहे म्होरकी. ती पुढे, बाकीचे मागे. दोन भाऊ आहेत, जुळे, त्यांना सगळे जोडगोळी म्हणतात. एक शीळ. शीळ का, ते तिच्याजवळून गेलं की कळतं, आणि ती मुलगी आहे हे ऐकून आमच्या शिपाईमामांना फार धक्का बसला. पाचवी गोगलगाय. नाव मी नाही हं ठेवलं! त्यांनीच ठेवलंय, आणि अशी हाक मारली की ती हसत ओ देते. तिला सगळ्यालाच वेळ लागतो. वही काढायला वेळ, पेन्सिल धरायला वेळ, आणि मी काही विचारलं तर नुसती बघत राहते.

परवा गणिताची चाचणी होती. मी डोळ्यांत तेल घालून उभी. म्होरकीचं सगळ्यांच्या आधी झालं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि सरळ मागे वळली. मागे गोगलगाय. तिच्या कागदावर बोट टेकवून, चांगली खणखणीत ऐकू येईल अशा आवाजात म्हणते, "हातचा राहिला बघ इथे." मी जागच्या जागी थिजले. तेवढ्यात शीळही वळली. मग जोडगोळी. अगं, चोराने चोरी लपूनछपून तरी करावी! ही राजरोस.

मी ओरडले, "काय चाललंय हे?" तर म्होरकी शांतपणे मला म्हणते, "बाई, हिचं अजून व्हायचंय." जणू मलाच दिसत नव्हतं! माझी जुनी कार्टी तर आनंदाने बाकं बडवायला लागली, "कॉपी! कॉपी!"

कागद काढून घेतले आणि मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, गेल्या वर्षी आले ते. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात या पाचांची वेगळी परीक्षा घेऊ, एकेकाला वेगळ्या खोलीत बसवून. नापास होतील ते चौथीत. मी म्हटलं, उत्तम.

आणि नकाशा! प्रदेशाचा नकाशा काढायला सांगितला, तर प्रत्येकाची वरची बाजू वेगळी. जोडगोळीचा समुद्र वर, शीळेचा उजवीकडे, म्होरकीचा खाली. पाच मुलांत उत्तर दिशा कुठेच सापडेना.

जुनी मुलं यांच्यापासून दप्तरं सरकवून बसतात. मला ते आवडत नाही. पण खरं सांगू? हल्ली मीही पर्स कपाटात ठेवून कुलूप लावते.

तुझी,
तोफ


९ सप्टेंबर

प्रिय तोफे,

तुझं पत्र यायच्या आधीच त्याचा आवाज इथवर आला होता.

आता मला नीट सांग. वळल्यावर म्होरकीने उत्तर सांगितलं, की चूक दाखवली? तूच लिहितेस की ती "हातचा राहिला बघ" म्हणाली. अगं वेडे, ज्याला कॉपी करू द्यायची आहे तो सरळ आकडा सांगतो. हातचा कुठे राहिला ते दाखवणं हा तर तुझा आणि माझा धंदा! आणि शीळ कुणाकडे वळली? जोडगोळी एकमेकांकडे, की दोघंही मागच्याकडे? कुणी पुढे वळलं का? म्हणजे मागच्याने पुढच्याला विचारलं का? मला वाटतं नसेल. पण तू बघ, माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

त्या नकाशांनी तर माझी झोप उडवली. ते कागद टाकलेस का? टाकले नसशील तर एकेक कागद हातात घेऊन फिरवून बघ. समुद्र आपल्या जागी येईपर्यंत फिरव. मग बाकीचं बरोबर बसतं का? डोंगर, नद्या? जुळ्यांचे दोन्ही कागद सारखे आहेत का? पाच मुलांना एकाच वेळी दिशा कळत नाही, असं होत नाही गं. काहीतरी भानगड आहे.

आणि एक सांगू? रागावशील, पण सांगते. टेकडी काही परदेशात नाही. एकदा वर जाऊन ये. उंटावरून शेळ्या हाकण्यात आपल्या खात्यात आधीच बरीच मंडळी गुंतलेली आहेत, तुझी काही गरज नाही.

माझं म्हणशील तर ठीक. कामाचा ढीग आहे, त्यातून डोकं वर काढून लिहिते आहे.

तुझी,
चौकशी

ता. क. पर्सचं लिहिलंस ते बरं केलंस. आता कुलूप काढ.


२१ सप्टेंबर

प्रिय चौकशी,

तुझा भोचकपणा कुठल्या शाळेत शिकवतात, मला तिथे बदली हवी आहे.

कागद फिरवले. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मोटार चालवणाऱ्यासारखे. समुद्र जागेवर आला की सगळं बरोबर! नद्या, डोंगर, आमच्या मुलांना न सापडणारं ते तळंसुद्धा. जोडगोळीचे दोन्ही कागद सारखे, बाकी तिघींचे तीन तऱ्हेचे. मग मला काही चैन पडेना. शनिवारी दुपारी मुलांच्याच गाडीत बसले आणि गेले वर.

वस्ती मोठी नाही. शाळेला कुलूप होतं, आणि किल्ली म्होरकीच्या आईकडे. ती शिवणकाम करते. पडवीत मशीन, आणि मशीनवरून मान वर केली की थेट शाळेचं दार. तिने मला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "कॉपी म्हणणाऱ्या बाई तुम्हीच का?" म्हणाली. मी मान हलवली. माझी बोलती अशी फार वेळा बंद होत नाही, तुला माहीत आहे.

खोली उघडली, आणि काय सांगू तुला! जमिनीवर नकाशा. सगळ्या खोलीभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तेलरंगाने रंगवलेला. गुरुजींनी कधीतरी काढला आणि दर सुट्टीत मुलं तो पुन्हा रंगवायची. त्याच्या कडेने सगळे बसायचे, ज्याची जागा ती त्याची, पहिलीपासून पाचवीपर्यंत. जोडगोळी भिंतीशी बसायची, तिथून समुद्र पलीकडे, म्हणून त्यांच्या कागदावर तो वर. मी चपला काढून एकेकीच्या जागेवर बसून पाहिलं. म्होरकीच्या जागेवर बसलं की समुद्र आपल्या पायाशी येतो. म्होरकीची आई दारातून माझ्याकडे बघत होती. आधी हसू दाबत होती, मग तिने दाबणं सोडून दिलं.

मग तिनेच वळण्याचं सांगितलं. गुरुजी एक, इयत्ता पाच. ते एकदा सांगायचे. ज्याला कळलं त्याने मागे वळायचं आणि मागच्याला दाखवायचं. उत्तर सांगायचं नाही, सांगितलं तर सगळ्यांसाठी पाणी भरून आणायचं. शेवटच्याचं झाल्याशिवाय धडा संपला म्हणायचं नाही. ती स्वतः तशीच शिकलेली. "आमच्यात जो वळत नाही ना बाई, त्याला आम्ही आपमतलबी म्हणतो," म्हणाली. आणि मी तिच्या लेकीला भर वर्गात चोर ठरवलेलं!

गोगलगायीचंही कळलं. मोठं माणूस बोलायला लागलं की ती घाबरते आणि तिला काही म्हणजे काही कळत नाही. पोरांनी सांगितलं की कळतं. उशिरा, पण पक्कं.

निघताना मी सहज विचारलं, शाळा गेल्याने इथे काय फरक पडला. तिने मशीन थांबवलं. "दिवसभर पाढे ऐकत शिवायची सवय," म्हणाली. "आता माझ्या मशीनचाच आवाज मला नको होतो." शाळेसमोरचं दुकान बंद झालंय, पोरंच नाहीत तर पेन्सिली कोण घेणार. दोन घरांनी कुलूप लावून खाली भाड्याने बिऱ्हाड केलं, मुलांना ती गाडी लागते म्हणून. शाळेच्या पायरीवर म्हातारी माणसं बसायची, तीही आता घरातच असतात. तिने रडगाणं गायलं नाही हं, मी विचारलं तेवढंच सांगितलं, आणि पुन्हा पाय मशीनवर.

मोठ्या सरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छान पद्धत होती. पण बाई, परीक्षेत शेवटी एकट्यानेच बसायचं असतं, आज ना उद्या." त्यात काय खोटं आहे? परीक्षा तीन तारखेला. वीस विधानं, पुढे चूक की बरोबर ते लिहायचं. बारा बरोबर आली की पास. चौघं तरतील. शुक्रवारी फाटकाशी गाडीवाल्या काकांना म्हटलंही मी, "चौघांची काळजी नाही, पण गोगलगाय काही पाचवीत राहत नाही. तिला एकटीलाच खाली जावं लागणार." काकांनी नुसती मान हलवली. गाडीत पोरं एकदम गप्प बसली होती, दमली असतील.

आणि ढीग कसला गं? तीन महिने झाले, तुझ्या वर्गाबद्दल एक ओळ नाही. वर्ग गिळलास की काय?

तुझी,
तोफ


२६ सप्टेंबर

प्रिय तोफे,

जमिनीवरचा नकाशा! मला आजच्या आज यावंसं वाटतंय. तू एकेकीच्या जागेवर बसलीस हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

परीक्षेचं मला सगळं सविस्तर हवं. कोण कुठल्या खोलीत, बाहेर आल्यावर कुणाचा चेहरा कसा, कोण कुणाशी आधी बोललं. नुसते गुण लिहून पाठवलेस तर मी ते पत्र परत पाठवीन. चौघं तरतील हे तू ठरवलंस, पण त्यांनी काय ठरवलंय ते कुणी विचारलं का? मी आपली सहज विचारते.

माझ्या वर्गाचं लिहीन कधीतरी.

तुझी,
चौकशी


६ ऑक्टोबर

प्रिय चौकशी,

लिहायलासुद्धा नको वाटतंय. माझं नाक कापलं गेलं.

तुला सविस्तर हवं ना? घे. म्होरकी ग्रंथालयात, जोडगोळीतला एक प्रयोगशाळेत, दुसरा मोठ्या सरांच्या खोलीत, शीळ गायनाच्या वर्गात, गोगलगाय माझ्यासमोर. गोगलगाय सगळा वेळ लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. दोनदा मागे वळून पाहिलं तिने. मागे भिंत होती. बाकीचे चौघं अर्ध्या वेळातच बाहेर आले. चेहरे कसे म्हणशील, तर मजेत! शीळ तर चक्क शीळ घालत होती. मी मनात म्हटलं, वा, जिंकलं माझ्या पोरांनी.

गोगलगायीला वीसपैकी अकरा. एका गुणाने गेली बिचारी. आणि बाकीच्या चौघांना? शून्य. चौघांनाही. वीसपैकी एकही उत्तर बरोबर नाही.

मोठ्या सरांनी नुसते चारही कागद माझ्यापुढे सरकवले. मी आठवडाभर त्यांचं डोकं खाल्लं होतं, मुलं हुशार आहेत, पद्धत वेगळी आहे, जमिनीवर नकाशा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एकमेकांना दाखवत होते म्हणे. ज्याला स्वतःला काही येत नाही तो दुसऱ्याला काय दाखवणार? मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गोष्टीला भुलले, आणि तुझ्या प्रश्नांना. हो, तुझ्यावरही राग आहे माझा.

सोमवारपासून पाचही जण चौथीत. मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

तोफ


९ ऑक्टोबर

तोफे,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. मिळाल्यावर उभ्या उभ्या वाच.

चूक की बरोबर. दोनच उत्तरं. वीस विधानं. अगं, मोठ्या सरांच्या टेबलाखालच्या मांजराने पंजा मारून उत्तरं दिली असती तरी त्यातली आठ-दहा बरोबर आली असती! काहीच न येणाऱ्याला शून्य मिळत नाही. काही येणाऱ्याला तर नाहीच नाही. वीसच्या वीस चुकवायला वीसच्या वीस यावी लागतात. तुझ्या चौघांना सगळं येतं, तोफे. एकूण एक येतं. त्यांनी मुद्दाम उलटं लिहिलंय.

तू रागात होतीस म्हणून तुला दिसलं नाही, नाहीतर तुला हे माझ्याआधी दिसलं असतं.

आणि का लिहिलं, ते तुझ्याच पत्रात आहे. शुक्रवारी फाटकाशी तू काकांना काय म्हणालीस? "तिला एकटीलाच खाली जावं लागणार." तेव्हा गाडीत कोण बसलं होतं? ती दमलेली नव्हती गं. ती ऐकत होती.

आता तू विचारशील, एवढं कसं कळतं मला. तर ऐक. माझा वर्ग मी गिळला नाही, तो मला दिलेलाच नाही. आमचीही शाळा अशीच मिळवली, एप्रिलमध्ये. मुलं नव्या शाळेत गेली, मीही गेले, पण तिथे शिक्षक आधीच पुरेसे होते. मला म्हणाले, तुम्ही अतिरिक्त. एक खोली दिली. तिथे मी जुन्या पुस्तकांना वेष्टनं चढवते, दिवसभर. माझी मुलं त्याच इमारतीत आहेत, मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसतात. सुरुवातीला हात करायची. आता त्यांचीही ओळख झालीय तिकडे, खेळतात. चांगलंच आहे ते. मला फार वाईट वाटतं आणि चांगलंच आहे ते.

तुला सांगितलं नाही, कारण तू धडाडत इथे आली असतीस आणि कुणाची तरी गचांडी धरली असतीस. आणि तुझ्या वर्गाबद्दल विचारत राहिले, कारण विचारायला मला दुसरा वर्ग नव्हता.

जा आता. म्होरकीला विचार. प्रेमाने विचार, तोफ घरी ठेवून जा.

चौकशी


२५ ऑक्टोबर

माझी लाडकी चौकशी,

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि मग मला बसावं लागलं. दोनदा वाचलं. एकदा मुलांसाठी, एकदा तुझ्यासाठी. सहा महिने! सहा महिने तू पुस्तकांना कागद चढवते आहेस आणि मी तुला लिहिते की वर्ग गिळलास की काय. माझ्या जिभेला हाड नाही, पण तूही कमी नाहीस. यापुढे असलं काही लपवलंस तर मी खरंच येऊन गचांडी धरीन, आणि ती तुझी असेल.

आधी मुलांचं सांगते. पत्र मिळालं त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, म्होरकीला थांबवलं. म्हटलं, "सहा सक छत्तीस, चूक की बरोबर?" ती म्हणाली, "बरोबर." "मग पेपरात चूक का लिहिलंस?" ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागली. मी म्हटलं, "रागावणार नाही." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हे वाक्य मोठी माणसं नेमकं कधी म्हणतात ते तिला पाठ आहे.

शेवटी म्हणाली, "गाडीत ठरवलं आम्ही. तुम्हीच म्हणालात ना, तिला एकटीला खाली पाठवणार. मग सगळेच गेलो की झालं." आणि वर मला समजावते, "आम्ही खूप अभ्यास केला बाई. चुकून एखादं बरोबर यायला नको म्हणून."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही करायच्या आत मला दारात गोगलगाय दिसली. दोघींची दप्तरं घेऊन उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. चौघांनी तिला सांगितलंच नव्हतं. तिने आत्ता ते ऐकलं होतं. म्होरकीचं दप्तर खाली ठेवलं आणि गाडीकडे गेली, जरा भरभर.

मी मोठ्या सरांना गाठलं. मांजराचं उदाहरण दिलं, तुझं नाव न सांगता. ते बराच वेळ कागद बघत राहिले, मग टाळी वाजवून हसले. "सोपं झालं मग. चौघं पाचवीत, ती एक चौथीत." मी म्हटलं, हेच तर नको होतं त्यांना! ते म्हणाले, मुलांना काय हवं यावर इयत्ता ठरत नाहीत.

सोमवारी चौघं आले, माझ्या दारावरून पुढे गेले आणि चौथीच्या वर्गात जाऊन बसले. तिच्या भोवती, त्या लहान बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. उठवलं तर उठले, तास संपला की पुन्हा तिथेच. मंगळवारी तेच. मोठे सर लालेलाल. बुधवारी गाडीतून चौघंच उतरली. गोगलगायीचं पोट दुखत होतं म्हणे. गुरुवारीही दुखत होतं. चौघं गुपचूप माझ्या वर्गात येऊन बसले, विचारलं तर मान खाली. आठवडा गेला. शीळ शीळ घालेना. माझी जुनी कार्टी, तीच ती बाकं बडवणारी, मला विचारायला लागली, "बाई, ती हळूवाली कधी येणार?"

मग मात्र मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले आणि बसूनच राहिले. म्हटलं, पाचही जण पाचवीत, माझ्या वर्गात, माझ्या जबाबदारीवर. ते चिडले. "मला काय हौस आहे का बाई? दोन शाळांची मुलं, बाकं तेवढीच, तपासणी डोक्यावर." त्यांचंही खरं आहे गं. ते माणूस वाईट नाहीत, दमलेत. मी म्हटलं, एक अकरा गुणांची मुलगी शाळा सोडतेय, ती एका गुणासाठी नाही, माझ्या जिभेमुळे. त्यांनी पाचवीचा हजेरीपट पुढे ओढला. मग म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत. पुढचं पुढे."

तुझ्यासाठीही एक ठरवलंय, ते इथेच लिहिते, नाहीतर राहून जाईल. सुट्टी टाक आणि ये. चार दिवस माझ्या वर्गात बस. तुला जे विचारायचं ते त्यांनाच विचार, मी मध्ये बोलणार नाही. बरं, कमी बोलेन.

काल सकाळच्या गाडीने मी वर गेले. मुलांना आणायला गाडी रिकामीच जाते, त्यात मी एकटी. गोगलगाय घराच्या पायरीवर बसली होती, कोंबड्यांना दाणे टाकत, एकेक दाणा. मी शेजारी बसले. तुझं ऐकलं, तोफ घरी ठेवली होती. काही विचारलं नाही. मीही दाणे टाकले. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "मी नाही आले की ते पाचवीत राहतात ना?" एखादं गणित सुटल्यावर सांगावं तसं. इतकं मोठं वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, आणि ते हे.

मी सांगितलं, की आता तसं नाही, सगळे पाचवीत, तीसुद्धा, मोठे सर हो म्हणालेत. तिने नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. चौघं येऊन रस्त्यावर उभी राहिली होती, एकही आत येईना, एकही गाडीत चढेना.

ती म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी?"

चौकशी, काय सांगणार होते मी? सगळं छान होईल म्हणायला तोंड उघडलंही होतं. पुढच्या वर्षी सहावी, सहावीला दुसरे सर, परीक्षा तीच, आणि मी स्वतः या शाळेत असेन की तुझ्यासारखी वेष्टनं चढवत असेन, कुणी सांगावं? मी म्हटलं, "मला माहीत नाही गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वेळ लागतो. मी थांबले, भोंगा पुन्हा वाजला तरी थांबले. मग ती उठली, उरलेले दाणे माझ्या हातात दिले आणि दप्तर आणायला आत गेली.

तुझी,
तोफ